२^६७ − १ : एकवीस अंकी संयुक्त संख्या पायरीपायरीने उलगडताना

एखादी संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव हाती लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत त्या वेगळ्या वाटत नाहीत. ९१ ला १३ ने भाग गेला, म्हणून ९१ संयुक्त, आणि अवयवही तिथेच मिळाले. मोठ्या संख्यांत मात्र ही जोडी तुटते. २^६७ − १ (म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १) ही संख्या संयुक्त असल्याचं एद्वार लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये सिद्ध केलं. तिचे अवयव जगाला कळले १९०३ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं ही संख्या फुटते एवढंच माहीत होतं, कुठे फुटते ते नाही.

मोठ्या संख्या हाताळायला शिकायचं असेल तर याच संख्येपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. ती इतकी मोठी आहे की आंधळेपणाने भागत बसता येत नाही, आणि इतकी लहान आहे की प्रत्येक पायरी स्वतः पडताळून बघता येते. कागद, पेन्सिल आणि पायथॉन असलेला कोणताही संगणक पुरे. शाळेतली विभाज्यता आणि बाकी आठवत असली म्हणजे झालं.

पायरी १ : संख्या अचूक लिहा

हे सांगायची गरज वाटणार नाही, पण नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर १.४७५७ गुणिले १० चा २० वा घात असं काहीतरी दाखवून मोकळा होतो. एक्सेल तर जास्त फसवं आहे. ते पहिले १५ अंकच जपतं आणि पुढे शून्यं भरतं, त्यामुळे १४७५७३९५२५८९६७६०००००० अशी संख्या दिसते. ती पाहून ‘ही तर १० ने विभाज्य आहे’ असं कोणी म्हणालं तर दोष त्याचा नाही. पायथॉन पूर्णांक कितीही मोठा असला तरी शेवटच्या अंकापर्यंत ठेवतो. तिथे घातासाठी दोन चांदण्या द्यायच्या. भागाकार करताना मात्र दोन तिरक्या रेघा द्या. एकच दिली तर उत्तर दशांशात येतं आणि ते पहिल्या पंधरा-सोळा अंकांपुरतंच भरवशाचं असतं.

अचूक संख्या अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकूण २१ अंक. संगणक नसता तरी हे आधी सांगता आलं असतं. २ चा लॉगॅरिदम ०.३०१०३, त्याला ६७ ने गुणलं की २०.१६९ येतात, म्हणजे २१ अंक. शेवटचा अंकही तसाच ओळखता येतो. २ चे घात २, ४, ८, ६ या अंकांवर फिरत संपतात. ६७ ला ४ ने भागून बाकी ३, म्हणून २^६७ च्या शेवटी ८, आणि एक वजा केला की ७. मोठी संख्या कुठूनही उतरवून घेतली की या दोन गोष्टी आधी तपासायची सवय लावा. गाळलेला एखादा अंक इथेच पकडला जातो.

आकाराचा अंदाज हवा असेल तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिलेली स्थानांची नावं एक, दश, शत अशी चढत परार्धावर थांबतात, आणि परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. आपली संख्या साधारण १,४७६ परार्ध भरते.

पायरी २ : लहान विभाजक झटपट बाजूला करा

संख्या विषम आहे आणि शेवटी ७ आहे, तेव्हा २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज १०९, तेव्हा ३ गेला. ही १०९ जपून ठेवा, पुढे लागेल.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आलटून पालटून अधिक-वजा करा :

९२७ − ४१२ + ६७६ − ५८९ + ९५२ − ५७३ + १४७ = ११२८

त्यातून १००१ काढले की १२७ उरतात. १२७ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास ६, १३ ने भागल्यास १०. तिघेही बाद.

इथे क्षणभर थांबा. १२७ म्हणजे २^७ − १. हा योगायोग नाही. २ चे घात घेत गेलं तर ७ ने भागल्यावर बाक्या दर ३ घातांनी, ११ ने भागल्यावर दर १० घातांनी आणि १३ ने भागल्यावर दर १२ घातांनी पुन्हा १ वर येतात. या तिघांचा लसावि ६०. म्हणून या तीन विभाजकांच्या दृष्टीने ६७ वा घात आणि ७ वा घात सारखेच. एकवीस अंकांची बेरीज-वजाबाकी न करता ६७ मधून ६० वजा केले असते तरी तेच कळलं असतं. बाक्यांचं हे फेर धरणं ज्याला दिसू लागलं, त्याला पुढची पायरी जड जाणार नाही.

पायरी ३ : अवयव कसे असू शकतात ते आधी ठरवा

घातांक ६७ ही मूळ संख्या आहे. तो संयुक्त असता तर काम सोपं होतं. उदाहरणार्थ २^६६ − १ ला ३ ने, ७ ने आणि २०४७ ने भाग जातो, कारण ६६ ला २, ३ आणि ११ ने भाग जातो. घातांक मूळ असल्याने अशी तयार फट इथे नाही. पण त्याच कारणाने अवयवांवर एक कडक बंधन येतं.

समजा ‘व’ ही मूळ संख्या २^६७ − १ ला भागते. म्हणजे ‘व’ ने भागल्यावर २^६७ ची बाकी १. २ चे घात घड्याळाच्या काट्यासारखे फिरत ६७ व्या पावलाला पुन्हा १ वर आले. हा फेरा ६७ पेक्षा लहान असता तर त्याने ६७ ला भागलं असतं, पण ६७ मूळ आहे. म्हणून फेरा नेमका ६७ चा. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की ‘व − १’ व्या पावलालाही काटा १ वरच असतो. तेव्हा ‘व − १’ ला ६७ ने भाग गेलाच पाहिजे. ‘व’ विषम असल्याने ‘व − १’ सम. दोन्ही मिळून :

व = १३४ × क + १

यात आणखी एक चाळणी बसते. २^६८ हा २^३४ चा वर्ग आहे आणि ‘व’ ने भागल्यावर त्याची बाकी २ येते. म्हणजे ‘व’ च्या जगात २ हा कुणाचा तरी वर्ग आहे, आणि हे घडतं तेव्हाच जेव्हा ‘व’ ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते. हिशेब केला तर ‘क’ ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ हवी.

आता यादी करा. क = १ : १३५, मूळ नाही. क = ४ : ५३७ = ३ × १७९. क = ५ : ६७१ = ११ × ६१. क = ८ : १०७३ = २९ × ३७. क = ९ : १२०७ = १७ × ७१. क = १२ : १६०९, ही मूळ आहे.

म्हणजे १६०९ च्या खाली असलेली एकही मूळ संख्या आपल्या संख्येला भागूच शकत नाही, आणि हे ठरवायला आपण एकही मोठा भागाकार केला नाही. या पायरीवर वेळ घालवा. यंत्र कितीही वेगवान असलं तरी उमेदवारच कमी करणं हे नेहमी त्याहून मोठं काम असतं.

पायरी ४ : एक उमेदवार तपासा, तोही मोठा भागाकार न करता

१६०९ ने एकवीस अंकी संख्येला भागायची गरज नाही. २^६७ ची बाकी वर्ग करत करत काढता येते. ६७ = ६४ + २ + १. प्रत्येक वेळी वर्ग करा आणि १६०९ ने भागून फक्त बाकी पुढे न्या :

२^८ → २५६
२^१६ → ६५५३६, बाकी ११७६
२^३२ → ११७६ चा वर्ग १३,८२,९७६, बाकी ८४५
२^६४ → ८४५ चा वर्ग ७,१४,०२५, बाकी १२३८
२^६७ → १२३८ × ८ = ९९०४, बाकी २५०

बाकी १ आली असती तर १६०९ हा अवयव ठरला असता. २५० आली, म्हणून बाद. एका उमेदवारामागे मोजके गुणाकार, आणि त्यातली एकही संख्या आठ अंकीसुद्धा झाली नाही. पायथॉनमधलं ‘पॉव’ हे फंक्शन हेच करतं. त्याला पाया, घातांक आणि भाजक अशा तीन संख्या द्यायच्या. तिसरी संख्या विसरलात तर तो आधी पूर्ण घात काढून बसतो. ६७ ला ते चालून जातं, मोठ्या घातांकाला मशीन अडकतं.

पायरी ५ : शोधात उतरण्याआधी संख्या फुटते का ते विचारा

उमेदवार लाखो असतात. संख्या मूळच असेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी निकाल घ्यायचा : मूळ की संयुक्त?

सगळ्यांच्या ओळखीची कसोटी फर्माची. कोणतातरी पाया घ्या, त्याचा ‘संख्या वजा १’ वा घात काढा, संख्येने भागा. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. पण इथे पाया २ घेऊ नका. घातांक मूळ असलेल्या २^प − १ या प्रकारच्या सगळ्याच संख्या पाया २ ला बाकी १ देतात, मूळ असोत वा संयुक्त. कसोटी पास झाल्याचं समाधान मिळतं आणि कळत काहीच नाही. पाया ३ घ्या.

या प्रकारच्या संख्यांसाठी याहून पक्की कसोटी आहे. तिचा पाया लुकाने घातला आणि १९३० मध्ये डेरिक लेमरने तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, संख्येने भागून बाकी घ्या. असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा करा. शेवटी ० आला तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त.

हाताने करून बघायला २^५ − १ = ३१ घ्या. ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. तीन फेऱ्यांत शून्य, म्हणून ३१ मूळ. आता २^११ − १ = २०४७ घ्या, नऊ फेऱ्या : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. या रांगेत २३ किंवा ८९ कुठे दिसतात का बघा. दिसणार नाहीत. २०४७ = २३ × ८९ हे खरं, पण कसोटीने त्यांना हातही न लावता निकाल दिला. संयुक्त असल्याचा पुरावा मिळाला आणि अवयवांचा पत्ता नाही, ही अवस्था तुम्हाला स्वतःच्या हाताने अनुभवता यावी म्हणून हे उदाहरण वहीत पूर्ण कराच.

२^६७ − १ ला ६५ फेऱ्या लागतात. पायथॉनला हे क्षणाचं काम आहे. शेवटी शून्य येत नाही.

यामागचा इतिहास थोडक्यात असा. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांना २^प − १ मूळ येते त्यांची यादी दिली होती : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. तरीही अशा संख्यांना त्याचंच नाव मिळालं, आणि ते योग्यच आहे. त्या यादीने पुढच्या अडीच-तीनशे वर्षांना नेमका प्रश्न दिला.

पायरी ६ : अवयव शोधा

पहिला मार्ग सरळ. १३४ × क + १ ची यादी चढत्या क्रमाने घ्या, ‘क’ ची चाळणी लावा आणि पायरी ४ प्रमाणे प्रत्येकाची बाकी पाहा. क = १४,४५,५८० ला बाकी १ येते :

१३४ × १४,४५,५८० + १ = १९,३७,०७,७२१

तिथवर पोचायला ७,२२,७९० उमेदवार तपासावे लागतात. नियम न वापरता सगळ्या विषम संख्या घेतल्या असत्या तर साडेनऊ कोटींच्या वर गेल्या असत्या. आजच्या लॅपटॉपला सात लाख म्हणजे काही सेकंद. १९०३ मध्ये हे सगळं हाताने होत होतं. अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधल्या सभेत हे अवयव मांडले. त्यांनी एकही शब्द न बोलता फळ्यावर एका बाजूला २^६७ − १ काढून दाखवला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला आणि दोन्ही जुळल्यावर जागेवर जाऊन बसले, असं सांगितलं जातं. कोल यांनी सगळे उमेदवार एकेक करून पाहिले नाहीत, शक्यता गाळणाऱ्या आणखी बारीक चाळण्या वापरल्या.

दुसरा मार्ग जॉन पोलार्ड यांनी १९७४ मध्ये दिला आणि मला तो फार आवडतो. कोणताही संख्या-पाया, समजा ३, घ्या. त्याचा २ रा घात, आलेल्याचा ३ रा घात, त्याचा ४ था, असं करत जा. प्रत्येक वेळी आपल्या मोठ्या संख्येने भागून बाकीच पुढे न्या. मधूनमधून आलेल्या बाकीतून १ वजा करून मोठ्या संख्येशी मसावि काढा. ‘व − १’ चे सगळे अवयव लहान असतील तर ‘व’ त्या मसाविमध्ये अडकतो. इथे तसंच आहे :

१९,३७,०७,७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७

सगळ्यात मोठा अवयव फक्त २६७७. म्हणजे नऊ अंकी मूळ संख्या गाठायला २६७७ पर्यंतचे घात पुरतात. ही युक्ती प्रत्येक संख्येला लागू पडत नाही, ‘व − १’ मध्ये एखादा दांडगा अवयव असेल तर हात हलवत परत यावं लागतं. पण सुरुवातीला करून बघायला खर्च काहीच नाही.

पायरी ७ : पडताळा, आणि अवयव खरंच मूळ आहेत का ते ठरवा

२^६७ − १ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

गुणाकार पायथॉनमध्ये करा, पण आधी कागदावर झटपट तपास घ्या. अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४. दोन्हींना ९ ने भागून बाकी १, गुणाकार १. जपून ठेवलेल्या १०९ ची बाकीही १. अकराची कसोटी लावली तर बाक्या ९ आणि ८, गुणाकार ७२, त्याची बाकी ६, आणि पायरी २ मध्येही ६ च आले होते. या कसोट्या चूक पकडतात, बरोबर असल्याचं सिद्ध करत नाहीत. दोन अंकांची अदलाबदल झाली तर नऊची कसोटी डोळे मिटून पास करते. अकराची ती बहुतेक वेळा पकडते, म्हणून दोन्ही लावायच्या.

आता नवखे बहुतेक विसरतात तो प्रश्न : हे दोन अवयव स्वतः मूळ आहेत कशावरून? पहिल्या मार्गाने चढत्या क्रमाने आला असाल तर वेगळं काम नाही. १९,३७,०७,७२१ हा सापडलेला सगळ्यात लहान विभाजक, म्हणून तो मूळच. दुसऱ्याचा कोणताही मूळ अवयव आपल्या मोठ्या संख्येलाही भागणार, म्हणून तो १९,३७,०७,७२१ पेक्षा लहान असू शकत नाही. पण दुसऱ्याचं वर्गमूळ फक्त ८ लाख ७३ हजारांच्या आसपास आहे. म्हणून तोही मूळ. पोलार्डच्या वाटेने आला असाल तर पहिल्यासाठी १३,९१७ पर्यंतचे १३४ × क + १ पाहायचे. चाळणीनंतर ते जेमतेम ५१ उरतात, एका संध्याकाळी हाताने होतील इतके.

पायरी ८ : अवयवांतून बाकीचे गुणधर्म

अवयव मिळाले की उरलेलं पटापट सुटतं. विभाजक चारच : १, दोन मूळ अवयव आणि संख्या स्वतः. कोणताही मूळ अवयव दोनदा येत नाही. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज ७,६२,०३,१९,६५,००९, म्हणजे संख्येच्या मानाने नगण्य. ही न्यून संख्या आहे. मर्सेनच्या यादीप्रमाणे ती मूळ असती तर युक्लिडच्या नियमाने २^६६ × (२^६७ − १) ही परिपूर्ण संख्या झाली असती, म्हणजे स्वतःला सोडून तिच्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरली असती. ती तशी नाही.

२^६७ − १ शी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या, तिच्याहून लहान संख्या किती, हे ऑयलरच्या सूत्राने (१९,३७,०७,७२१ − १) × (७,६१,८३,८२,५७,२८७ − १) = १४७५७३९५१८२७६४४४४७९२० इतकं येतं. हा आकडा अवयवांशिवाय काढायची सोपी वाट कोणाला माहीत नाही. बँकेच्या संकेतस्थळांपासून सगळीकडे वापरली जाणारी आरएसए ही कूटपद्धत याच अडचणीवर उभी आहे. तिथे दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात आणि अवयव गुप्त. आपली २१ अंकी संख्या त्या कामाला अगदीच छोटी. २५० अंकी आरएसए-२५० ही २०२० मध्ये फोडली गेली, आणि हल्ली सर्रास वापरात असलेल्या २०४८ बिटांच्या संख्या ६१७ अंकी असतात.

सरावाला पुढच्या तीन घ्या. २^२३ − १ = ८३,८८,६०७ : उमेदवार ४६ × क + १, पहिल्यालाच यश येईल. २^३७ − १ = १,३७,४३,८९,५३,४७१ : उमेदवार ७४ × क + १, फार लांब जावं लागणार नाही. २^२९ − १ = ५३,६८,७०,९११ : उमेदवार ५८ × क + १. हिच्यात पहिला अवयव २३३ मिळाल्यावर थांबू नका, उरलेली २३,०४,१६७ पुन्हा फुटते आणि तिला तोच नियम लागू आहे.

आणि २^१२७७ − १ वर लॅपटॉप लावून ठेवू नका. ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे पायरी ५ च्या कसोटीने केव्हाच सिद्ध झालं आहे, तुमच्या पायथॉनवरही ते पापणी लवायच्या आत होईल. तिचा एकही मूळ अवयव आजवर कोणालाही सापडलेला नाही.